हरकाम्याची जुळणी

सोमवार, ३

ही न्हाणीघरात घसरून पडली, त्यानंतर आज पहिल्यांदाच वही उघडतो आहे. मध्ये दोन महिने गेले. खुब्याचं हाड, शस्त्रक्रिया, आत बसवलेले तीन स्क्रू, आणि मग घरी आणलेला वॉकर. तो वॉकर आतल्या खोलीत हिच्या खुर्चीशेजारी उभा असतो. ही त्याला हात लावत नाही, म्हणून मी त्यावर टॉवेल वाळत घालतो.

आज पार्सल आलं. आमच्या नातीनं, भिंगरीनं, पाठवलंय. ती यंत्रांचं शिक्षण घेते. खोक्यात यंत्रमानवाचे सुटे भाग आहेत. नाव यंत्रमानव, पण जुळल्यावर होणार वहीएवढी एक गाडी: दोन पिवळ्या मोटारी, दोन चाकं, पुढे एक भोवरीसारखं फिरतं चाक, चार सेलांची डबी, तारा, आणि बोटभर लांबीचा हिरवा पत्रा, ज्याला भिंगरी ‘मेंदू’ म्हणते. जमिनीवर काळी पट्टी चिकटवली की गाडी त्या पट्टीवरून चालते म्हणे. पार्सलवर आजीचं नाव आधी आणि माझं मागून लिहिलंय. मुलगी पहिल्यापासून घाईची.

फोन केला. म्हणाली, “आजोबा, सगळं चित्रांत दाखवलंय. अडलं तर आजीला विचारा.”

“तिला कशाला त्रास? मी आहे की,” मी म्हटलं.

पलीकडे ती का हसली कोण जाणे.

बुधवार, ५

कवायतबाई येऊन गेल्या. हिच्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना मी मनात कवायतबाई म्हणतो. दर सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी येतात. आज जरा कडक बोलल्या. महिनाअखेरपर्यंत ही पायावर भार टाकून चालायला लागली नाही तर पुढे अवघड आहे, असं सरळ सांगितलं. ही म्हणाली, “कोणी बघत असलं की माझा पाय उचलत नाही.”

“मग डोळे मिटून शिकवू का मी?” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी चिरंजीवांचा फोन. तीस तारखेला येतोय. आई चालती झाली नसेल तर दोघांना आपल्या घरी न्यायचं, तळमजल्यावरची खोली रंगवून ठेवलीय. सूनबाईंनी पडद्यांचे रंगही विचारले. माणसं चांगली आहेत, हीच तर अडचण. वाईट असती तर भांडता आलं असतं.

फोन ठेवल्यावर ही कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत होती. सेहेचाळीस वर्षं आम्ही या दुसऱ्या मजल्यावर राहतो. समोरच्या झाडाचा शेंडा आम्ही आलो तेव्हा आमच्या पायांखाली होता, आता गच्चीच्या वर गेलाय.

तेव्हाच ठरवलं. गाडी जुळवायची. स्वयंपाकघरापासून हिच्या खुर्चीपर्यंत काळी पट्टी, आणि गाडीवर गोळ्यांची डबी, चष्मा, पाण्याचा पेला. चिरंजीवांनी बघावं की हिला न उठवताही हे घर चालतं. नावही ठेवलं: हरकाम्या.

गुरुवार, ६

माहितीपत्रक वाचलं. सदतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, शाळेची पुस्तकं बहुतेक. त्यामुळे हातात कागद आला की पेन्सिल आपोआप चालते. पहिल्या पानावर चौदा चुका. त्या दुरुस्त करता करता दुपार गेली आणि काय जोडायचं ते वाचायचं राहिलं.

शनिवार, ८

तळाची पाटी तपकिरी आणि खरखरीत आहे, चित्रात मात्र काचेसारखी. मला वाटलं, चुकीचा माल पाठवला. हिच्याकडे नेऊन तक्रार केली. हिनं पाटी हातात घेतली, कोपऱ्याला नख लावलं आणि सर्रकन तपकिरी कागद सोलून काढला. आतून स्वच्छ पारदर्शक पाटी.

“कागद असतो वर. ओरखडे येऊ नयेत म्हणून,” ही म्हणाली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा खुदकन हसली.

हिला कसं माहीत, असं विचारणार होतो. मग आठवलं, ही एकवीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात होती. मी सायकल घेऊन फाटकाशी उभा राहायचो. आत कधी गेलो नाही. तिथं काय करायची ते एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, “तारा जोडते.” मला ते एखाद्या कवितेसारखं वाटलं आणि मी पुढे काहीच विचारलं नाही.

रविवार, ९

पितळेचे चार खांब आणि मोटारी बसवल्या. एक स्क्रू फरशीवर पडला, तो शोधायला पाऊण तास. हिनं खुर्चीतूनच सांगितलं, “दिवा जमिनीवर ठेवा, सावली पडेल त्याची.” पडली. तांदळाच्या दाण्याएवढ्या स्क्रूची बोटभर सावली.

“सापडला ना? माझ्यातले तीन मोजून घ्या एकदा,” ही म्हणाली.

मंगळवार, ११

मोटारींना तारा डाख देऊन, म्हणजे कथील वितळवून, जोडायच्या आहेत. हिनं माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढायला सांगितला. त्यात हिचं कारखान्यातलं सोल्डरिंग आयर्न, कथलाच्या तारेचं रीळ, दोन चिमटे. सगळं तेलाच्या फडक्यात नीट गुंडाळलेलं. मी आजवर समजत होतो की त्या डब्यात जुने दागिने आहेत.

पुढच्या खोलीतल्या टेबलावर बसून डाख दिला. बोटांना दोन चटके बसले. चार जोड झाले. दिसायला चघळून टाकलेल्या च्युइंगमसारखे. आत नेऊन दाखवले.

“थंड जोड आहेत,” ही म्हणाली. “तारेला ऊब दिलीच नाहीत. नुसतं वरून थापलंत.”

“पण चिकटलेत ना?”

“चिकटलेत. जोडलेले नाहीत.”

चार वाजता वाचनालयात जायला नको वाटत होतं. हिनंच पिटाळलं. म्हणे, “रोज जाता तसे जा. मोबाइल आहे माझ्याजवळ. आणि घाई करू नका, सहापर्यंत या.”

बुधवार, १२

चमत्कार झाला. कालचे चारही जोड आज चांदीच्या दाण्यासारखे चकचकीत दिसतायत. काल संध्याकाळी परत आल्यावर टेबलाकडे बघितलं नव्हतं. कथील निवताना आपोआप बसत असावं, मुरांब्यासारखं. हिला सांगितलं तर म्हणाली, “असेल. हात बसला तुमचा.” फार बरं वाटलं.

कवायतबाईंनी हिची मांडी दाबून बघितली आणि म्हणाल्या, “ताकद येतेय की. नुसत्या खुर्चीतल्या व्यायामानं एवढी?” मी रोज सकाळी हिला कविता वाचून दाखवतो, त्याचा परिणाम असावा. बाईंना तसं सुचवलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

शुक्रवार, १४

हरकाम्या चालला. म्हणजे जागच्या जागी गिरक्या घेऊ लागला. मी त्याच्यामागे टेबलाभोवती वाकून फिरत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला, “अहो, एक मोटार उलटी फिरतेय. तिची लाल तार काळीच्या जागी लावा.”

“तुला दिसतंय कुठे?”

“ऐकू येतंय.”

दोन मोटारी समोरासमोर बसवल्या की एकीची उजवी बाजू ती दुसरीची डावी होते. आरशासारखं. पत्रकात हे लिहिलेलं नाही. समासात लिहून ठेवलं. कोणत्या मोटारीची तार बदलायची ते कळेना, म्हणून उद्यावर टाकलं आणि वाचनालयात गेलो.

शनिवार, १५

तार बदललेली आहे. मी बदलली नाही. की बदलली? हरकाम्या सरळ चालतो. आनंद व्हायला हवा होता.

मंगळवार, १८

आज सगळं खरं लिहितो. ही वही टेबलाच्या खणात असते, कुणी वाचत नाही, म्हणून लिहिता येतं.

माझी आठवण जात चालली आहे.

तार मी बदलल्याचं आठवत नाही, पण बदललेली आहे. पेचकस मी टेबलावर टाकून जातो आणि येतो तेव्हा ते उंचीप्रमाणे ओळीत लावलेले असतात. वॉकरवर टॉवेल वाळत घातलेला आठवतो, आणि तो घडी होऊन पलंगावर असतो, तीन पदरी घडी. मी तर टॉवेलाची घडी आयुष्यात केलेली नाही. काल परत आलो तेव्हा सोल्डरिंग आयर्न गरम होतं. दुपारी दोनलाच बटण बंद केलं होतं, असं मी शपथेवर सांगितलं असतं. घर पेटलं असतं, आणि आत ही खुर्चीत.

परीक्षा म्हणून चौथीच्या पुस्तकातली ओढ्याची कविता म्हणून बघितली. आमच्या गुरुजींनी फळ्यावर लिहिली होती, खडूची धूळ त्यांच्या बाहीवर. सेहेचाळीस वर्षं हिला ऐकवतोय.

लहान माझा ओढा धावे
दगडांशीही हसला, रुसला
वाट कुणी ना दाखविली तरि

चौथी ओळ आली नाही. तासभर बसलो. नाही आली.

कुणाला सांगणार? चिरंजीवांना कळलं तर संपलंच. एक चालत नाही, दुसऱ्याला आठवत नाही. पडद्यांचा रंग सांगून टाकावा लागेल. हिला तर मुळीच सांगायचं नाही. आधीच पायाचं एवढं ओझं आहे तिच्या मनावर.

बुधवार, १९

ठरवलंय, प्रत्येक काम झालं की चिठ्ठीवर लिहून टेबलाला चिकटवायचं. “आयर्न बंद केलं, १:५०.” “दोन डोळे बसवले, तारा बाकी.” (डोळे म्हणजे काळी पट्टी ओळखणारे दोन मणी. गाडीच्या नाकाखाली बसतात.)

वाचनालयातही जाऊ नये असं वाटलं. पण हिनं पुन्हा पिटाळलं.

शुक्रवार, २१

चिठ्ठ्यांचा गुण आला. काल आणि आज, दोन्ही दिवस सगळं जिथल्या तिथे. पेचकस मी टाकले तसेच पसरलेले. टॉवेल वॉकरवर. डोळ्यांचे जोड मी दिले तसेच खडबडीत. कथील काही या वेळी मुरलं नाही, पण त्याचं दुःख वाटलं नाही.

ही मात्र गप्प गप्प आहे. जेवताना म्हणाली, “अहो, तुम्हाला एक सांगायचं होतं.” मी म्हटलं, “सांग की.” तर माझ्याकडे बघून म्हणाली, “काही नाही. भाजी घ्या अजून.”

रविवार, २३

जमिनीवर काळी पट्टी चिकटवली. स्वयंपाकघराच्या दारापासून सुरुवात, मग पुढची खोली, टेबलाला वळसा, आणि आत हिच्या खुर्चीपर्यंत. मी गुडघ्यांवर, ही खुर्चीतून हुकूम देतेय: “वळण गोल करा. काटकोनात नाही जमायचं त्याला.” नंतर म्हणाली, “टेबलापासून माझ्यापर्यंत किती भरलं?”

“माझी अकरा पावलं.”

“तुमची अकरा म्हणजे माझी सोळा.”

हिला बरोबर आकडा कसा सुचला, गंमतच आहे. लग्नानंतर फिरायला जायचो तेव्हाही मी पुढे आणि ही चार पावलं मागे असायची. मला वाटायचं, संकोच. आज लक्षात आलं, माझ्या टांगा लांब.

बुधवार, २६

हरकाम्या पट्टीवरून चालतो. डुलत डुलत, डावीकडे हुंगून उजवीकडे हुंगून, दप्तराच्या ओझ्यानं वाकलेला पहिलीतला मुलगा घरी जावा तसा. पाण्याचा पेला त्याला झेपत नाही, अर्धा सांडतो. गोळ्यांची डबी झेपते. पहिली डबी हिच्या पायाशी आली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. हिनं डबी उचलली, हरकाम्याच्या पाटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “उजव्या डोळ्याची तार बघा. हलतेय.”

“चिकटलेली आहे.”

“हो. चिकटलेली आहे.”

पुन्हा म्हणाली, “एक सांगायचं होतं.” तेवढ्यात कवायतबाईंनी घंटी वाजवली.

शुक्रवार, २८

आज मीच हिला विचारलं, काय सांगायचं होतं? म्हणाली, “रविवारी सांगते.” तिला चिरंजीवांकडे जायचं असावं आणि मला कसं सांगावं या विचारात असावी. मी विषय वाढवला नाही. खिडकीपाशी उभा राहिलो. कवितेची चौथी ओळ अजून नाही.

रविवार, ३०

नीट लिहायचं आहे, म्हणून सावकाश लिहितो.

चिरंजीव अकराला आले. हिच्याजवळ बसले, पायाची चौकशी केली. मग मी प्रयोग लावला. चिरंजीवांना टेबलाशी बसवलं, हरकाम्याला स्वयंपाकघराच्या दारात पट्टीवर ठेवलं, वर गोळ्यांची डबी, आणि बटण दाबलं.

सुंदर निघाला. पुढची खोली अर्धी ओलांडली, वळणही घेतलं. आणि टेबलापाशी, हिच्यापासून बरोबर अकरा पावलांवर, उजव्या डोळ्याची तार सुटली. दोनदा गरकन फिरला आणि टेबलाच्या पायाला नाक लावून उभा राहिला. डबी खाली घरंगळली.

चिरंजीवांनी डबी उचलून टेबलावर ठेवली. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “बाबा, मेहनत दिसतेय. पण असं कसं चालेल? आई खुर्चीत, आणि तुम्ही…” मग त्यांचं लक्ष टेबलावरच्या चिठ्ठ्यांकडे गेलं. एक एक वाचली. “हे काय आहे?”

खोटं मला जमत नाही. मी म्हटलं, “मला हल्ली आठवत नाही. केलेलं विसरतो. आयर्न चालू राहतं.”

हिच्या खोलीचं दार उघडंच होतं, तिला सगळं ऐकू गेलं. इतके दिवस लपवलं आणि शेवटी असं सांगितलं, तेही तिच्या कानांवर पडेल असं. फार लाज वाटली.

“अहो, पुरे,” ही आतून म्हणाली.

मग टॉवेल खाली पडल्याचा आवाज आला आणि वॉकरचे रबरी पाय फरशीवर टेकले. टक. मग पाऊल. टक. मग पाऊल. दारात आली. साडीचा काठ कमरेशी जरा वर खोचलेला, नजर खाली काळ्या पट्टीवर. चिरंजीव उठायला लागले, तर मान वर न करताच म्हणाली, “बस खाली. बघू नका कोणी माझ्याकडे.”

आम्ही दोघं शहाण्या मुलांसारखे भिंतीकडे तोंड करून बसलो. मी पावलं मोजत होतो. सोळा झाली.

“वळा आता,” ती म्हणाली. स्टुलावर बसली होती, धाप लागली होती, कपाळावर घाम होता. “आयर्न तापवा.”

तापवलं. हिनं हरकाम्याला उपडं केलं, चिमट्यात तार धरली, आधी तारेला ऊब दिली, मग कथील टेकवलं. क्षणभर धूर निघाला आणि चांदीचा दाणा तयार झाला. तो मी ओळखला. तसे चार दाणे मी आधी पाहिले होते.

“हे काही विसरत नाहीत,” ही चिरंजीवांना म्हणाली. “मीच करायचे दुपारी, हे वाचनालयात गेले की. जोड बघवेनात मला. त्याआधी आठवडाभर नुसती खुर्चीला धरून उभी राहायचे. पहिल्या दिवशी टेबलापर्यंत यायला अर्धा तास लागला.”

“आई, मग सांगितलं का नाहीस? एकटी पडली असतीस तर?”

“म्हणूनच नाही सांगितलं. तुझे बाबा दोन्ही हात पसरून समोर उभे राहतात, जणू मी पडतेच आहे. त्यांचा चेहरा बघूनच पाय लटपटतात. नीट चालता आलं की दाखवणार होते.” मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, “टॉवेल तर बाजूला करायलाच हवा होता ना. मला काय माहीत तुम्ही असला अर्थ काढाल.”

मी टेबलावरच्या चिठ्ठ्या एक एक करून सोलून काढल्या.

चिरंजीवांनी नाक शिंकरलं आणि चहा टाकायला गेले. चहा होईपर्यंत त्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं, “जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून देऊ का?”

ही म्हणाली, “दे. आणि ती खोली आम्हाला सुट्टीत यायला राहू दे. पडदे पिवळे लाव म्हणावं.”

दुपारी भिंगरीचा फोन आला. मी सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, “मग? पार्सल कोणाच्या नावानं पाठवलं होतं मी?”

सोमवार, ३१

सकाळी ही स्वतः टेबलाशी येऊन बसली. हरकाम्याच्या तारा मोकळ्या लोंबतात ते तिला बघवत नाही; निळ्या दोऱ्यानं त्यांची जुडी बांधतेय, दर दोन बोटांवर एक गाठ. कारखान्यात अशाच बांधत म्हणे. बाकावर तीस जणी बसायच्या, आणि बाहेर पडलेला रेडिओ उघडून नुसत्या गाठी पाहिल्या तरी कोणाच्या हातचा ते ओळखू यायचं. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. सेहेचाळीस वर्षांचं विचारायचं राहिलं होतं, एका सकाळीत कसं संपणार?

कवायतबाई आल्या तेव्हा ही त्यांच्यासमोर आठ पावलं चालली. बाई खरोखरच डोळे मिटून उभ्या होत्या.

एकच कोडं उरलं होतं. वीस तारखेपासून हिनं वस्तूंना हात लावणं का बंद केलं? विचारलं तर गाठी मारत राहिली. मग आज लिहिण्याआधी सहज मागची पानं चाळली.

अठरा तारखेच्या पानावर, कवितेच्या तीन ओळींखाली, कथलाचा मोहरीएवढा थेंब चिकटलाय. आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी पेन्सिलीनं काकपद काढलंय. मुद्रितात शब्द राहिला की आम्ही खालून जी कावळ्याच्या पायासारखी खूण करतो, ती. खुणेखाली, माझ्या नसलेल्या अक्षरात:

चालत चालत वाटच झाला

काकपदाचं एक टोक वाकडं आलंय. दुरुस्त केलं नाही.